सायडेक्सच्या खोलीत शिरण्याआधी: कोणता मास्क, कशासाठी

नवीन रुजू झालेल्या स्टाफला मी पहिल्याच दिवशी एक प्रश्न घालते. तुम्ही एन-९५ लावून हायपोचं, म्हणजे जंतुनाशकाचं, पाणी तयार करताय आणि तरीही तुम्हाला वास येतोय. मास्क खराब निघाला का? बरेच जण हो म्हणतात. एखादा हुशार मुलगा "नीट बसला नसेल" म्हणतो. मग मी सांगते की मास्क नवा आहे, बसलाही चोख आहे, तरी वास येणारच. कारण वास अडवायला तो बनवलेलाच नाही.

रापणीच्या जाळ्यात बांगडा अडकतो, पाणी अडकत नाही. एन-९५ चं तसंच आहे. धूळ, थेंब, जंतू हे कण त्याच्या तंतूंत अडकतात. क्लोरीन, फॉर्मालिनची वाफ, सायडेक्सची (उपकरणं निर्जंतुक करायच्या द्रावणाची) वाफ हे वायू सरळ आरपार जातात. नावातले ९५ म्हणजे ०.३ मायक्रॉनच्या आसपासच्या कणांपैकी निदान ९५ टक्के अडवणं, एवढंच. वायूंचा त्या आकड्याशी काही संबंध नाही. कोविडने आपल्याला मास्कची सवय लावली हे चांगलं झालं, पण 'एन-९५ लावला की कशालाही भ्यायला नको' ही समजूतही तेव्हाच घट्ट बसली. ती सोडवायला मला अजून वेळ लागतो.

हा लेख ग्रामीण रुग्णालयात, उपजिल्हा रुग्णालयात, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा खाजगी नर्सिंग होममध्ये नव्याने लागलेल्यांसाठी आहे. सिस्टर, कक्षसेवक, ओटी (ऑपरेशन थिएटर) असिस्टंट, लॅबवाले, आणि सगळ्यात जास्त रसायन ज्यांच्या हातून जातं त्या सफाईच्या मावशी आणि मामांसाठी. त्यांना वाचून दाखवायची वेळ आली तर जरूर दाखवा.

१. आधी बाटली वाचा

आपल्याकडे रसायनांना टोपणनावंच जास्त. हायपो, सायडेक्स, स्पिरिट, टीसीएल, 'ते निळं पाणी'. टोपणनावावरून मास्क ठरत नाही. आत काय आहे आणि किती टक्के आहे ते कळलं पाहिजे.

हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. कॅन साधारण ५ किंवा १० टक्क्यांचा येतो आणि रक्त सांडलं तर आपल्याला १ टक्क्याचं पाणी लागतं. ५ टक्क्यांचा कॅन असेल तर एक मग हायपोला चार मग पाणी, १० टक्क्यांचा असेल तर एकाला नऊ. हे गणित येत नसेल तर मास्कच्या गप्पा नकोत, कारण अंदाजाने ओतलेलं तिखट पाणी हेच बहुतेक त्रासाचं मूळ असतं. आणखी एक. ऊन आणि उष्णता लागली की हायपोची ताकद उतरते आणि कॅनमध्ये वायू साठतो. मे महिन्यात व्हरांड्यात ठेवलेला कॅन फुगलेला मी पाहिलाय. तसलं झाकण हळूहळू सैल करायचं, तोंड बाजूला ठेवून. वाकून बघत कधीच उघडायचं नाही.

टीसीएल तर गावातल्या पोरालाही ठाऊक असते. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत टाकतो तीच ब्लीचिंग पावडर. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन असतं. हिची अडचण दुहेरी आहे, कारण हिची धूळही उडते आणि हिच्यातून क्लोरीनही सुटतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. पूर ओसरल्यावर गाळ काढायचा आणि वर टीसीएल टाकायची हा क्रम कोकणात कोणाला सांगावा लागत नाही. पण मुठीने भुरभुरताना वाऱ्याची दिशा बघणारा माणूस मला क्वचितच दिसलाय. वारा पाठीमागून यावा, पावडर जमिनीलगत सोडावी, आणि शक्यतो ती आधी बादलीत कालवून मगच वापरावी. कालवताना पाण्यात पावडर टाकायची, पावडरीवर पाणी ओतायचं नाही.

सायडेक्स हे खरं तर एका उत्पादनाचं नाव, पण आपल्याकडे सगळ्याच ग्लुटारल्डिहाइडला सायडेक्स म्हणतात. साधारण २ टक्क्यांचं द्रावण. ॲक्टिव्हेटर घातला की हिरवट होतं आणि बहुतेक प्रकार त्यानंतर १४ दिवस चालतात. ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) टाकता येत नाहीत अशी दुर्बिणी आणि नळ्यांसारखी उपकरणं ह्यात बुडवतात. ह्याची वाफ डोळ्यांना चुरचुरते, घसा धरते, आणि वर्षानुवर्षं हुंगत राहिलं तर कायमचा दमा जडू शकतो. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांनी हवेतली त्याची कमाल मर्यादा ०.०५ पीपीएम (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग) ठेवली आहे, आणि माणसाच्या नाकाला त्याचा वास साधारण ०.०४ पीपीएमपासूनच लागतो. म्हणजे सायडेक्सचा वास आला की आपण काठावर उभे आहोत असं समजा. "सिस्टर, मला तर आता वासच येत नाही" असं जुनी माणसं अभिमानाने सांगतात. ते नाक सरावलं म्हणून. हवा चांगली झाली म्हणून नव्हे.

फॉर्मालिन म्हणजे ३७ ते ४० टक्के फॉर्मल्डिहाइड. बायोप्सीच्या बरणीत पातळ करून असतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकलं. पूर्वी ओटी 'फ्युमिगेट' करायला फॉर्मालिन आणि पोटॅशियम परमँगनेट वापरायचे. अजून कुठे तशी पद्धत दिसली तर मास्क शोधायच्या आधी इन्चार्जना विचारा की हे बंद का झालं नाही.

बाकीचं थोडक्यात. स्पिरिटला आगीची भीती जास्त, मास्कची गरज कमी. फिनाईल जेमतेम त्रास देतं. डायलिसिसला लागणारं पेरासेटिक ॲसिड मात्र नाकात सुईसारखं जातं, त्याला हलकं घेऊ नका. ओटीत हायड्रोजन पेरॉक्साइडचं फॉगिंग होतं तेव्हा मशीन लावा, बाहेर या, दार लावा, वेळ संपेपर्यंत आत जाऊ नका. इथिलीन ऑक्साइडचं यंत्र मोठ्या रुग्णालयातच असतं, आणि मास्कला लावायची नेहमीची कार्ट्रिज (वायू धरणारी डबी) त्यावर चालत नाही. तिथे प्रशिक्षण घेतल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, विषय संपला.

प्रत्येक रसायनासोबत एक सुरक्षा पत्रक येतं, आपण त्याला एमएसडीएस म्हणतो. त्यात सोळा भाग असतात. सगळं वाचायचा कंटाळा येत असेल तर दोनच वाचा: चौथा प्रथमोपचाराचा, आठवा मास्क-हातमोज्यांचा. पत्रक स्टोअरमध्ये मिळालं नाही तर पुरवठादाराकडून मागवून घ्या, त्याने ते द्यायचंच असतं.

२. मास्कच्या आधी खिडकी

हे मधेच घुसवलेलं वाटेल, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. वायू खोलीत साठलाच नाही तर मास्कवर भार येत नाही.

कोकणात अडचण पावसाची आहे. जून ते सप्टेंबर झड येते म्हणून पश्चिमेकडच्या खिडक्या घट्ट लावलेल्या असतात. लाईट जाते तेव्हा एक्झॉस्ट फॅनही बंद पडतो, आणि जनरेटरची लाईन ओटीला आणि लेबर रूमला असते, सायडेक्सच्या खोलीला नसते. म्हणजे वर्षातले चार महिने आपण सगळ्यात जास्त वाफ कोंडून काम करतो. त्यावर आमच्याकडे तीन गोष्टी केल्या. झड न येणाऱ्या बाजूच्या खिडकीला वर पत्र्याची पडवी काढून ती कायम उघडी ठेवली. एक्झॉस्टची वायर इन्व्हर्टरवर घेतली, इलेक्ट्रिशियनचं अर्ध्या दिवसाचं काम. आणि सायडेक्सचा ट्रे झाकणाचाच घ्यायचा असं ठरवलं. उपकरण टाकताना झाकण उचलायचं, लगेच लावायचं. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण उघडा ट्रे आणि झाकलेला ट्रे यांतला फरक तुमचे डोळेच सांगतील.

ज्यांना जमेल त्यांनी सायडेक्सऐवजी ओपीए (ऑर्थो-थॅलाल्डिहाइड) घ्यावं. ०.५५ टक्क्यांचं असतं, ॲक्टिव्हेटर लागत नाही, वास फारच कमी. कातडीवर सांडलं तर राखाडी डाग पडतो, तेवढं सांभाळायचं. महाग आहे म्हणून डॉक्टर नको म्हणतात. त्यांना सिस्टरच्या इन्हेलरचा खर्चही मांडून दाखवा.

हायपो फवारायचं नाही, फडक्याने पुसायचं. फवारलेले थेंब हवेत तरंगतात आणि सरळ छातीत जातात. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० मध्ये पृष्ठभागांवर जंतुनाशक फवारण्याची सरसकट पद्धत नको असं सांगितलं, आणि माणसांवर तर कधीच नको असं. रक्त सांडलं तर वर कागद किंवा फडकं टाकून त्यावर हायपो हळू ओतायचं. लघवी सांडली असेल तर आधी टिपून घ्या. ओल्या थारोळ्यावर हायपो किंवा टीसीएल ओतलं की क्लोरीन आणि क्लोरामाइनचा झणका उठतो.

३. आता मास्क

सर्जिकल मास्क: समोरच्याचा थेंब तुमच्या तोंडावर आणि तुमचा समोरच्यावर पडू नये एवढ्यासाठी. कडेने मोकळा असतो. रसायनाचा शिंतोडा तोंडावर येऊ नये इतका उपयोग. दोन सर्जिकल मास्क एकावर एक लावणारे लोक आहेत. त्याने गुदमरायला होतं, वायू थांबत नाही.

एन-९५ किंवा एफएफपी२: टीसीएल कालवताना धूळ उडते तिथे ह्याचा खरा उपयोग. मोकळ्या हवेत पातळ हायपोने फरशी पुसताना लावला तरी हरकत नाही, पण वासासाठी तो नाही हे लक्षात ठेवा. घेताना तो कानात अडकवायचा असेल तर जरा संशय घ्या. अमेरिकी मान्यतेच्या एन-९५ ला डोक्यामागून जाणारे दोन पट्टे असतात. आपल्याकडचा असेल तर आयएसआयची खूण आणि आयएस ९४७३ हा क्रमांक बघा.

'कार्बनवाला' मास्क: दुकानदार हाच गळ्यात मारतो. दिसायला एन-९५ सारखाच, आत कोळशाचा पातळ थर. नुसता त्रासदायक वास कमी करतो. धोक्याच्या पातळीच्या वायूसाठी तो नाही. बंद खोलीत सायडेक्स ओतण्यासाठी मी तो कोणाला देत नाही. वास लपला की माणूस निवांत होतो, म्हणून.

हाफ फेस मास्क, रबराचा किंवा सिलिकॉनचा, दोन बाजूंना फिरवून बसवायची कार्ट्रिज: वायूसाठी खरा मास्क हा. आत विशिष्ट प्रक्रिया केलेला सक्रिय कोळसा असतो, तो वायू धरून ठेवतो. पण कोणतं कार्ट्रिज कोणत्या वायूला, इथे बहुतेकांची गल्लत होते. युरोपीय पद्धतीत तपकिरी पट्टा आणि ए अक्षर असलेलं सेंद्रिय वाफांसाठी, सायडेक्सला हेच. राखाडी पट्टा आणि बी क्लोरीनसारख्या वायूंना. हिरवा आणि के अमोनियाला. पांढरा पट्टा आणि पी म्हणजे धूळ आणि कण. टीसीएलसारखं दोन्ही असेल तर राखाडीसोबत पांढरा पट्टा असलेलं जोडकार्ट्रिज घ्यावं.

आता घोळ. अमेरिकी रंग वेगळे आहेत. तिथे पांढरा म्हणजे आम्लवायू, काळा म्हणजे सेंद्रिय वाफ, पिवळा म्हणजे ते दोन्ही. युरोपीय पिवळा मात्र सल्फर डायऑक्साइडसारख्या आम्लवायूंसाठी. म्हणजे पांढरं कार्ट्रिज एका पद्धतीत क्लोरीनसाठी चालेल आणि दुसऱ्या पद्धतीत ते फक्त धुळीचं असेल. रंगावर कधी विसंबू नका. वर छापलेली अक्षरं वाचा, सोबतचा कागद वाचा. फॉर्मालिनसाठी तर कार्ट्रिजवर फॉर्मल्डिहाइड असं स्वतंत्र लिहिलेलं असल्याशिवाय घेऊच नका.

"कणकवलीत असलं कुठे मिळणार?" असं मला विचारतात. मेडिकल स्टोअरमध्ये शोधाल तर नाहीच मिळणार. लोटे-परशुराम, महाड, रोहा ह्या रासायनिक वसाहतींच्या आसपास सेफ्टीचं सामान विकणारी दुकानं असतात. कारखान्यातला कामगार जो मास्क लावतो तोच आपल्याला हवाय. आम्ही पहिला असाच मागवला होता. स्टोअरवाल्याने बिल बघून "हे रुग्णालयाचं सामान आहे का?" असं दोनदा विचारलं.

हाफ फेस मास्क डोळे झाकत नाही. सायडेक्स, क्लोरीन, फॉर्मालिन तिन्ही डोळ्यांना लागतात, म्हणून सोबत कडा बंद असलेला गॉगल. आपला नेहमीचा चष्मा म्हणजे गॉगल नव्हे.

४. जिथे कुठलाच मास्क चालत नाही

पूर्वी मी दुसऱ्या एका ठिकाणी होते तेव्हाची गोष्ट. जुलै महिना, पाऊस धो धो. स्त्री वॉर्डाच्या संडासात मावशीने आधी टीसीएल टाकली. डाग निघेना म्हणून वरून संडासाचं ॲसिड ओतलं. खिडकी झडीमुळे बंद. तोंडावर एन-९५, कोविडपासून ती रोज लावायची. मी औषधांची ट्रॉली घेऊन जात होते, तेवढ्यात ती दाराला धरून बाहेर आली आणि म्हणाली, "सिस्टर, माका श्वास घेवक जमना नाय."

दारातून पिवळसर हिरवा धूर फरशीलगत बाहेर सरकत होता. क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असतो, म्हणून तो तसा जमिनीला चिकटून येतो. मी काय केलं? मावशीला बाकावर बसवलं आणि खिडकी उघडायला स्वतः आत गेले. एन-९५ लावूनच. चार पावलांत घसा बंद झाला, डोळे उघडेनात, भिंतीला चाचपडत परत आले. खिडकी शेवटी बाहेरून, बागेच्या बाजूने काठीने ढकलून उघडली. ते आधीच करायला हवं होतं. पुढचा आठवडाभर मी खोकत होते. मावशी तासाभराने बरी वाटली, पण रात्री तिची धाप वाढली आणि तिला ऑक्सिजनवर ठेवावं लागलं.

त्यातून जे शिकले ते असं. ॲसिड आणि ब्लीचिंग, ॲसिड आणि हायपो एकत्र करायचं नाही, मागोमागही नाही. एक वापरलं तर भरपूर पाणी ओतून धुवायचं, आणि दुसरं वापरायची खरंच गरज असेल तर ते दुसऱ्या दिवशी. दोन बाटल्या एकाच बादलीत घेऊन फिरायचं नाही, कपाटातही शेजारी ठेवायच्या नाहीत. ढगासारखा वायू दिसला तर सगळ्यांनी बाहेर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, उंचावर, आणि पेशंटही हलवायचे. क्लोरीन १० पीपीएमला पोचला तर ती पातळी जिवाला तत्काळ धोकादायक मानतात, आणि संडासाएवढ्या खोलीत तिथपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. कार्ट्रिजचा हाफ मास्क असला तरी तो आत घुसण्यासाठी नसतो, नेहमीच्या, माहीत असलेल्या, थोड्या वाफेत काम करण्यासाठी असतो. डोळ्यांत गेलं असेल तर निदान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा. आणि बरं वाटलं तरी माणसाला घरी पाठवू नका, फुफ्फुसात पाणी व्हायला काही तास लागू शकतात. दूध, गूळ, काढा यांत वेळ घालवू नका.

ह्याच भागात टाकीचंही सांगते. रुग्णालयाची जमिनीखालची टाकी ब्लीचिंगने धुवायला माणूस उतरवतात. तिथे क्लोरीन तळाशी साठतो आणि प्राणवायूही कमी असू शकतो. गाळणारा कोणताही मास्क, कितीही महाग असला तरी, प्राणवायू तयार करत नाही. हे काम आपल्या माणसांचं नाही.

५. लावायचा कसा

एन-९५ आधी. मास्क तळहातावर, नाकाची पट्टी बोटांच्या टोकाशी, पट्टे खाली लोंबते. हनुवटीखालून वर चढवायचा. वरचा पट्टा डोक्याच्या मागे उंच, खालचा मानेवर, कानांच्या खालून. पट्टे एकमेकांना ओलांडू नयेत. मग दोन्ही हातांची दोन दोन बोटं नाकाच्या पट्टीवर ठेवून मधून बाहेर दाबत जायचं. एका हाताने चिमटा काढला तर मधे चोच उभी राहते आणि सगळी हवा तिथूनच पळते.

आता दोन्ही तळवे मास्कवर अलगद ठेवून जोराने श्वास सोडा. डोळ्यांना किंवा गालाला वारा लागला तर गळती आहे. श्वास आत घेतला की मास्क किंचित आत ओढला गेला पाहिजे. चष्मा धुरकट झाला तर तेच, नाकापाशी नीट बसलेला नाही. हाफ मास्कला तपासणी जास्त चांगली होते: दोन्ही कार्ट्रिज तळव्यांनी बंद करून श्वास ओढा, मास्क तोंडाला चिकटून दहा सेकंद तसाच राहिला पाहिजे. मग पुढची झडप बंद करून हळू श्वास सोडा, कडेने हवा सुटता कामा नये. रोज, दर वेळी. पंधरा सेकंद लागतात.

केस आणि दाढी हा नाजूक विषय. अंबाड्यावर अबोलीचा वळेसर असला की वरचा पट्टा हमखास घसरतो, तेव्हा वेणी ड्युटी सुटल्यावर माळा. दाढीची खुंटं वाढली की मास्कची कड कातडीवर बसतच नाही, दोन दिवसांची वाढही पुरते. आमच्याकडे श्रावणात दाढी न करणारे मामा आहेत. मी त्यांना दाढी करा म्हणत नाही. तो महिना त्यांना सायडेक्सच्या खोलीची ड्युटी लावत नाही, एवढंच. ज्याच्या त्याच्या श्रद्धेशी भांडण्यापेक्षा ड्युटीचा तक्ता बदलणं सोपं.

मास्कच्या आत कापूर किंवा व्हिक्स चोळून येणारे असतात. मुळीच नको. वास हीच तर आपली घंटा, तीच झाकून टाकली तर कार्ट्रिज संपल्याचं कळणार कसं?

६. दमट हवा आणि कार्ट्रिज

कोळसा ओलावा पितो. उघड्या डब्यातला पोह्याचा पापड जुलैत दोन दिवसांत जसा लवचिक होतो, तसंच त्याचं होतं. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर गेली की सेंद्रिय वाफा धरण्याची कोळशाची ताकद कमी होऊ लागते, आणि आपल्या पावसाळ्यात हवा त्याच्या कितीतरी वर असते. म्हणून खोक्यावरची मुदत कोरड्या मुलखातली समजा. उत्पादकाने सांगितलेल्या वेळापत्रकाच्या निम्म्यावर मी पावसाळ्यात कार्ट्रिज बदलायला लावते. हा माझा हिशोब आहे, थोडा खर्चिक आहे, पण वर्षभरात चार-सहा जोड्यांचाच फरक पडतो.

सील फोडलं त्या दिवसाची तारीख कार्ट्रिजवर मार्करने लिहा. थोडं वापरलं असलं तरी सहा महिन्यांनंतर ठेवू नका. काम झालं की कार्ट्रिज काढून झिपच्या पिशवीत, पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. खिळ्याला टांगलेला मास्क म्हणजे रात्रभर हुंगत बसलेला मास्क. मास्क लावून वास किंवा चव जाणवली तर काम तिथेच टाकून बाहेर या, मग बदला.

रबराचा भाग साबणाच्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा. उन्हात वाळवला की रबर तडकतं. एन-९५ मात्र धुवायचा नाही, स्पिरिटने पुसायचा नाही. कण खेचून धरणारा त्याच्या तंतूंवरचा विद्युतभार स्पिरिटने उतरतो. कपाटात ठेवलेल्या एन-९५ वर पावसाळ्यात बुरशीचे काळे ठिपके येतात, पट्ट्यांचं इलॅस्टिक सैल होतं. असे मास्क पिशवीत घालून टाकून द्या, 'अजून बरा आहे' म्हणू नका.

काढताना क्रम: हातमोजे, गॉगल, ॲप्रन, आणि मास्क शेवटी. तोही खोलीबाहेर आल्यावर. पट्टे मागून धरून काढायचा, पुढून हात लावायचा नाही.

७. कागद

२०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनुसार कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला संरक्षक साहित्य आणि प्रशिक्षण देणं, रुजू होताना आणि वर्षातून निदान एकदा आरोग्य तपासणी करणं ही संस्थेची जबाबदारी आहे. कंत्राटी मावशींनाही हे लागू आहे. तपासणीत रक्तदाब मोजून सही घेतात आणि सोडतात. सायडेक्सवर काम करत असाल तर श्वासाची तपासणी करून घ्या, ड्युटीच्या दिवशी छाती घरघरते आणि रजेच्या दिवशी बरं वाटतं असं असेल तर तसं डॉक्टरांना शब्दांत सांगा. ह्या एका वाक्यावरून ते पुढचं ओळखतात.

आणि स्टोअरला इंडेंट (मागणीपत्र) टाकताना नुसतं 'मास्क, १०० नग' लिहू नका, सर्जिकलचं खोकं येईल. असं लिहा: 'हाफ फेस मास्क, सिलिकॉन, मध्यम माप, ३ नग. कार्ट्रिज, सेंद्रिय वाफांसाठी, ए प्रकार, ६ जोड्या, सायडेक्स खोलीसाठी. कार्ट्रिज, क्लोरीन आणि कणांसाठी, बी आणि पी जोड, ४ जोड्या, टीसीएलसाठी. गॉगल, कडा बंद, ३ नग.' खाली रसायनाचं नाव आणि एमएसडीएसचा आठवा भाग जोडा. पहिल्यांदा परत येईल, 'उपलब्ध नाही' असा शेरा मारून. तोच कागद, नवीन तारीख घालून, पुन्हा टाका. आमचा तिसऱ्या वेळी मंजूर झाला.